एन-९५ मास्क रोज कशाने स्वच्छ करू? एका सिस्टरच्या पत्राला उत्तर

पत्राचा सारांश (पत्र २०२० मधलं, कोरोनाची साथ आणि मास्कची टंचाई असतानाचं) : या सिस्टर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी छोट्या खाजगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहेत. एप्रिलपासून तिथला एक वॉर्ड ताप-खोकला-दम लागणाऱ्या संशयित कोरोना पेशंटसाठी वेगळा काढलाय आणि यांची ड्युटी तिथेच असते. दर सोमवारी रजिस्टरमध्ये सही करून एक एन-९५ मिळतो, तो आठवडाभर पुरवायचा. इन्चार्ज सिस्टर सांगतात ड्युटी संपली की स्पिरिट मारून लटकवा. बरोबरीची एक जण साबणाच्या पाण्यात बुडवून काढते. घरी सासूबाई म्हणतात बाळाच्या बाटल्या उकळायचो तसा कुकरला लाव. नवऱ्याच्या मित्राने लाकडी खोक्यात यूव्ही (अतिनील किरणांची) ट्यूब बसवून दिलीये, तो दीड हजार मागतोय. घरात चार वर्षांची मुलगी आणि बीपी-शुगरवाल्या सासूबाई. त्यांचा प्रश्न असा : "यातली सगळ्यात सुरक्षित पद्धत कोणती? व्हायरस शंभर टक्के मेला पाहिजे. आणि जास्त मास्क मागायची लाज वाटते, कारण काही ठिकाणी तर संरक्षक सूट नाहीत म्हणून लोक रेनकोट घालून काम करतायत असं वाचलं."

सिस्टर,

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात साधारण याच प्रश्नाची अजून चार-पाच पत्रं आली, त्यात एक डेंटिस्टकडे काम करणारी मुलगी आहे, एक ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर आहेत, एक आशाताई आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी स्पिरिटचं बोलू, कारण ते तुम्ही रोज करताय आणि ते आजपासून बंद करायचंय. आज म्हणजे आजच.

का, ते नीट सांगते, कारण उद्या इन्चार्ज सिस्टरनी विचारलं तर तुम्हाला सांगता आलं पाहिजे. एन-९५ म्हणजे जाड कापडाचा मास्क असं आपल्याला वाटतं, म्हणजे चाळणी जितकी बारीक तितकं अडकणार. तसं नाहीये ते. त्याच्या मधल्या थरात पॉलिप्रोपिलिन नावाच्या प्लास्टिकचे खूप बारीक धागे असतात, मेल्ट-ब्लोन म्हणतात त्याला, आणि ते बनवतानाच त्यावर विजेचा भार बसवलेला असतो, कायमचा टिकेल असा. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे कसा ओढून घेतो, तसे ते धागे हवेतले कण स्वतःकडे ओढून घेतात. म्हणून तर इतक्या पातळ मास्कमधून श्वास पण घेता येतो आणि ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण पण ९५ टक्के अडतात. (०.३ हाच आकडा का, तर त्या आकाराचे कण पकडायला सगळ्यात अवघड असतात. त्याहून मोठे धाग्यांवर आपटून अडकतात, त्याहून छोटे हवेत इकडेतिकडे भरकटत जाऊन चिकटतात. त्यामुळे "व्हायरस तर ०.१ मायक्रॉनचा, तो आरपार जातो" असा जो मेसेज फिरतोय तो सोडून द्या.)

आता त्यावर स्पिरिट मारलं की तो भार जातो. धागे तिथेच, मास्क तसाच, वासही उडून गेलेला, पण ओढून घेण्याची ताकद गेली. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी, त्यात फिजिक्सचं नोबेल मिळालेले स्टीव्हन चू पण आहेत, या मधल्या थराच्या कापडावर एकेक पद्धत करून पाहिली आणि अल्कोहोल (म्हणजे आपलं स्पिरिट) नि क्लोरीन या दोन्हींनी एकाच फेरीत गाळण्याची क्षमता इतकी खाली आली की त्याला एन-९५ म्हणता येणार नाही. साबणाच्या पाण्याची गोष्ट पण साधारण तीच, त्यामुळे तुमच्या मैत्रिणीलाही सांगा. आणि वाईट हे की डोळ्यांना काही दिसत नाही! नुसतं बघून किंवा हातात धरून कळतच नाही की याचं काम संपलंय. म्हणजे सोमवारी रात्री स्पिरिट मारलं असेल तर मंगळवार ते शनिवार तुम्ही एन-९५ घातलाय असं समजून त्यापेक्षा खूप कमी काहीतरी घालून त्या वॉर्डात उभ्या होतात. घाबरवायला नाही सांगत, इन्चार्ज सिस्टरना दोषही देत नाहीये, आपल्याला सगळ्यांना शिकवलंच तसं आहे की ट्रॉली पुसायची स्पिरिटने, थर्मामीटर पुसायचा स्पिरिटने, मग मास्क का नाही. पण मास्क ही ट्रॉली नाही.

आता मूळ प्रश्न. तुम्ही विचारताय की व्हायरस मारायची सगळ्यात चांगली पद्धत कोणती. मला वाटतं इथेच थोडं थांबून बघायला पाहिजे. मास्क पुन्हा वापरायचा तर तीन गोष्टी लागतात : एक, त्यावरचा व्हायरस निकामी व्हायला हवा, दोन, गाळण्याची ताकद शाबूत राहायला हवी, आणि तीन, तो चेहऱ्यावर पूर्वीसारखाच घट्ट बसायला हवा. सगळ्यांचं लक्ष पहिल्या गोष्टीवर आहे. आणि गंमत म्हणजे तिघांतली तीच सगळ्यात सोपी आहे, कारण व्हायरस काही मास्कवर वाढत नाही. तो बॅक्टेरिया नाही, बुरशी नाही. पेशीच्या बाहेर पडला की त्याची उतरती कळा सुरू. मार्च २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं होतं, प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत जिवंत व्हायरस सापडला, पुठ्ठ्यावर २४ तासांनंतर नाही सापडला, आणि त्या ७२ तासांतही तो सतत कमी कमीच होत होता. म्हणजे तुम्ही मास्कला काही न करता नुसता चार-पाच दिवस बाजूला ठेवलात तरी पहिलं काम बहुतांशी होऊन जातं, आणि दुसऱ्या-तिसऱ्याला धक्काही लागत नाही. उलट गेलेला भार घरी किंवा हॉस्पिटलात कुठल्याही उपायाने परत येत नाही. ढिलं पडलेलं एलास्टिक परत येत नाही.

म्हणून माझं उत्तर असं की मास्क कशानेच धुवायचा, फवारायचा, उकळायचा नाही. पाच मास्क घ्यायचे आणि पाळीपाळीने वापरायचे.

तुम्ही म्हणाल मॅडम एक मिळायची मारामार आणि तुम्ही पाच सांगताय. थांबा, हिशोब करू.

तुम्हाला आठवड्याला एक मिळतो, म्हणजे महिन्याला चार, कधी पाच. तुमच्या ड्युट्या महिन्याला पंचवीस-सव्वीस. आता समजा तेच पाच मास्क महिन्याच्या सुरुवातीला एकदम हातात मिळाले. पाच पिशव्या, १ ते ५ नंबर. सोमवारी १ नंबर, मंगळवारी २, असं शुक्रवारी ५, शनिवारी परत १ नंबर. सोमवारी संध्याकाळी काढलेला मास्क शनिवारी सकाळीच परत तोंडावर चढतो, म्हणजे मध्ये साडेचार दिवस गेले, ७२ तासांच्या बरेच वर. प्रत्येक मास्क महिन्यात साधारण पाच वेळा वापरला जातो. आणि आत्ता काय होतंय? एकच मास्क सलग सहा दिवस, रोज ओलसर, रोज कालचाच व्हायरस घेऊन, वर स्पिरिट. मास्कांची संख्या जवळजवळ तीच आहे हो! फार तर महिन्याला एखादा जास्त. फरक फक्त वाटपाचा आहे, सोमवारी एकेक द्यायच्या ऐवजी एक तारखेला पाच.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. दिल्लीच्या एम्सने २०२० मध्ये आपल्या स्टाफसाठी हेच काढलं होतं, पाच मास्क, एकेक चार वेळा, वीस दिवस. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनेही त्या टंचाईच्या काळासाठी पाच मास्क कागदी पिशवीत ठेवून आलटून पालटून वापरा असं सुचवलं होतं. आणि ज्यांनी या थरावर भार बसवायचं तंत्र विकसित केलं ते पीटर त्साई, टेनेसी विद्यापीठातले, निवृत्त झाले होते, कोरोनाच्या साथीत परत कामाला लागले, त्यांचाही पहिला सल्ला हाच की काही मास्क घ्या, नंबर टाका, आणि आलटून पालटून लटकवत राहा. दुसरा त्यांनी सांगितलाय ७० डिग्री कोरड्या उष्णतेत अर्धा तास, पण ते ज्यांच्याकडे तापमान नक्की धरून ठेवणारं मशीन आहे त्यांच्यासाठी. घरचा ओटीजी (छोटा ओव्हन) त्यात धरू नका, त्याचा काटा ७० दाखवतो आणि आत कुठे ६० असतं कुठे ११०, शिवाय त्यात उद्या तुम्ही मुलीसाठी केक करणार.

एक प्रामाणिकपणे सांगायला हवं. एक मास्क जास्तीत जास्त पाच वेळा असं सीडीसी म्हणत होती ते पाच वेळा चढवणं, पाच दिवस नाही. तुम्ही चहाला एकदा काढला आणि परत घातला की दोन झाले. त्यामुळे माझा वरचा हिशोब कागदावर सुटसुटीत दिसतो पण आठ तासांच्या ड्युटीत तो तसाच्या तसा निघणं अवघड आहे. यावर उपाय दोन. एक म्हणजे घातला की काढायचाच नाही, खाऊन पिऊन, बाथरूमला जाऊन मगच आत जायचं, आणि चार तासांनी एकदाच बाहेर यायचं. टंचाईत सलग जास्त वेळ घालणं हे सारखं काढ-घाल करण्यापेक्षा बरं, कारण हात मास्कला लागतो तो काढताना आणि घालताना. दुसरं म्हणजे दोघींनी वाटून घ्यायचं, एक सिस्टर आत, एक बाहेर. बाहेरची फाईल लिहील, औषधं काढून देईल, फोन घेईल, तिला साधा तीन पदरी सर्जिकल मास्क पुरतो. आत्ता बहुतेक तुमच्याकडे दोघी अर्ध्या आत अर्ध्या बाहेर करत असणार आणि दोघींचे एन-९५ खर्ची पडत असणार.

आणि अर्थात, चार वेळा का पाच वेळा हा आकडा म्हणजे काही एक्सपायरी डेट नाही. खरी परीक्षा रोज चढवल्यावर. दोन्ही बंद डोक्यामागे, वरचा टाळूच्या मागे, खालचा मानेवर, नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवायची (एका हाताने चिमटा काढला की मध्ये टोक येतं आणि बाजूने हवा जाते), मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा. नाकाजवळ किंवा गालाजवळ हवेची झुळूक लागली की नीट बसलेला नाही. परत बसवून बघा, तरी हवा येतेय तर तो मास्क गेला, दुसऱ्यांदा असो की पहिल्यांदा. चष्मा लावत असाल तर वाफ धरली की समजायचं. वापरलेला मास्क चढवताना ही तपासणी करेपर्यंत हातात साधे ग्लोव्हज घाला, मग ते काढून टाका आणि हात धुवा, कारण तेव्हा तुम्ही पुढची बाजू दाबताय. रक्त उडालं, थुंकी उडाली, ओला झाला, चुरगळला, बंद सैल झाला, तर टाकून द्या. इंट्युबेशन (श्वासनळीत नळी घालणं), सक्शन (घशातला स्राव ओढून काढणं), नेब्युलायझेशन (औषधाचा फवारा श्वासातून देणं) अशा वेळी आत होतात तर तो मास्क पुन्हा पिशवीत जात नाही, कितीही टंचाई असली तरी. आणि एक, मास्कच्या वर फेस शिल्ड घाला. ते धुता येतं, पुसता येतं, त्यावर खुशाल स्पिरिट मारा, आणि मास्कच्या पुढच्या बाजूवर शिंतोडेच कमी येतात. शिल्डला फार खर्च नाही, पारदर्शक ओएचपी शीट, स्पंजची पट्टी आणि एलास्टिकवर ठिकठिकाणी पोरं बनवून वाटतायत.

पिशवी कागदी हवी. मेडिकलवाल्याकडे औषधाची मिळते ती, किंवा खाकी पाकीट. प्लास्टिकची झिपवाली नको, त्यात श्वासाचा ओलावा अडकतो. वर नाव, नंबर, आणि प्रत्येक वेळी एक रेघ. उन्हात वाळत घालू नका, त्याने एलास्टिक लवकर कडक पडतं आणि आतल्या थरापर्यंत ऊन पोचतही नाही. पंख्याखाली सावलीत ठेवा. पावसाळा तोंडावर आलाय, तुमच्याकडे जूनमध्ये कपडेच वाळत नाहीत, तेव्हा आठवणीने बघा, मास्कवर काळे ठिपके दिसले किंवा कुबट वास आला तर वापरू नका.

आणि या पिशव्या हॉस्पिटलातच राहू देत! ड्युटी रूममध्ये एक दोरी बांधा, चिमट्याने पिशव्या अडकवा. मास्क घरी येतोच कशाला? तुमच्या पत्रातली निम्मी काळजी, म्हणजे सासूबाई आणि कुकर आणि मुलगी आणि यूव्हीचा खोका, ही सगळी मास्क घरी येतो म्हणून आहे. तो आलाच नाही तर प्रश्नच मिटला. घरी येताना साधा कापडी मास्क. मुलीला धोका असलाच तर तो तुमच्या हातांवरून आणि मास्क काढतानाच्या घाईतून जास्त आहे. खालचा बंद आधी डोक्यावरून पुढे, मग वरचा, पुढच्या भागाला हात न लावता, आणि लगेच हात धुवायचे. ड्युटी संपताना आपण सगळे दमलेलो असतो आणि नेमकं तेव्हाच हे नीट करायचं असतं. काढायला दोन मिनिटं जास्त द्या.

आता सासूबाईंचा कुकर. त्यांना हसू नका, त्यांचं लॉजिक चांगलं आहे, शिट्टीवाला कुकर म्हणजे छोटा ऑटोक्लेव्हच, १५ पौंडाचं प्रेशर, १२१ डिग्री. व्हायरस नक्की मरेल त्यात. पण कपासारखे घट्ट आकाराचे जे मास्क असतात ते एका फेरीत वाकडे होतात, चेहऱ्यावर बसत नाहीत. घडीचे जे असतात त्यातले काही मॉडेल ऑटोक्लेव्हमध्ये टिकले असं कॅनडाच्या एका अभ्यासात आलंय, पण कुठलं मॉडेल टिकलं हे मोजायला त्यांच्याकडे मशीन होतं, आपल्याकडे नाही, आणि तुमच्या हातात आलेला मास्क त्यातला आहे की नाही हे कुणालाच माहीत नाही. नुसती वाफ दिली इडलीपात्रात तर सुरुवातीच्या एकदोन फेऱ्यांना तितकं बिघडत नाही, पुढे बिघडतं. म्हणजे ज्यांच्याकडे खरंच दुसरा मास्कच नाही अशा माणसासाठी तो शेवटचा पर्याय म्हणून मी अगदी नाही म्हणणार नाही, पण तुमच्यावर ती वेळ नाहीये. सासूबाईंना सांगा की कापडी मास्क मात्र रोज साबणाच्या गरम पाण्यात धुवा, तिथे त्यांची पद्धत शंभर नंबरी आहे.

इस्त्री नको, पॉलिप्रोपिलिन वितळतं. मायक्रोवेव्ह नको, नाकाच्या पट्टीत धातू असतो, ठिणग्या उडतात. हायपो (ब्लीचचं पाणी) नको, वर सांगितलं ते क्लोरीन, शिवाय आठ तास तोच वास नाकात.

यूव्हीच्या खोक्यावर जरा जास्त लिहायला हवं कारण त्यात दीड हजार जाणार आहेत. यूव्हीने मास्क स्वच्छ करता येतात हे खरं आहे, अमेरिकेत नेब्रास्काच्या हॉस्पिटलमध्ये २०२० च्या टंचाईत केले. पण कसं केलं बघा : एक पूर्ण खोली, तारांवर मास्क टांगलेले, दोन्ही बाजूंना उंच यूव्ही दिव्यांचे मनोरे, आणि मास्कपर्यंत किती डोस पोचला ते मीटरने मोजायचे. किमान डोस पोचलाच पाहिजे, प्रत्येक बाजूला, कारण यूव्ही सावलीत काम करत नाही, घडीच्या आत, कडेच्या शिवणीखाली, बंदांच्या मागे काहीच होत नाही. मित्राच्या खोक्यात एक ट्यूब वर आहे, खालची बाजू अंधारात. शिवाय ती ट्यूब कुठली? जंतू मारणारी असते ती यूव्ही-सी, २५४ नॅनोमीटरची. बाजारात निळी-जांभळी दिसणारी बरीच यूव्ही-ए असते, नोटा तपासायच्या मशीनमधली, ती व्हायरसला काही करत नाही. आणि ती खरोखर यूव्ही-सी निघाली तर चार वर्षांच्या मुलीच्या घरात दार उघडंबंद होणारा लाकडी खोका मला अजिबात नकोय, डोळे भाजतात त्याने, कातडी भाजते. मे २०२० मध्ये डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने यूव्हीचा मनोरा काढला त्याचे फोटो सगळीकडे फिरले, त्यामुळे मागणी वाढली, पण तो खोल्या आणि ऑफिसातली उपकरणं निर्जंतुक करायला आहे आणि माणूस आत असताना चालवतच नाहीत. मित्राला गोडीने नाही म्हणा. त्याला खरंच मदत करायची असेल तर त्याला फेस शिल्ड बनवायला सांगा.

तुमच्या डॉक्टरसाहेबांना कुणीतरी ईटीओ (इथिलीन ऑक्साइड गॅस) किंवा फॉर्मलिनच्या गोळ्यांचं चेंबर सुचवेल, ऑपरेशन थिएटरवाल्या ठिकाणी असतंच ते पडलेलं. दोन्ही नको. ईटीओ आणि फॉर्मलिन हे दोन्ही कॅन्सरकारक, आणि मास्कमध्ये राहिलेला अंश तुम्ही थेट श्वासात ओढणार. मोठ्या प्रमाणावर ज्याला परवानगी मिळाली ते हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेचं तंत्र, बॅटेल नावाच्या संस्थेला अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामकाने मार्च २०२० मध्ये आणीबाणीची मंजुरी दिली होती, तेव्हा एक मास्क वीस वेळांपर्यंत. चांगलं आहे ते. पण कंटेनरएवढी यंत्रणा आहे, दिवसाला हजारो मास्कांसाठी, तीस खाटांच्या हॉस्पिटलला ती काय कामाची. आणि "पेरॉक्साइड चालतं" एवढंच ऐकून मेडिकलमधून बाटली आणून मास्क बुडवू नका, वाफ वेगळी आणि बाटली वेगळी.

तुम्हाला मिळणारा मास्क मुळात खरा आहे का, हे पण बघा एकदा, कारण टंचाईत बाजारात काहीही एन-९५ म्हणून खपतंय. भारतीय मानकाचा असेल तर त्यावर आयएस ९४७३ आणि एफएफपी-२ असं छापलेलं असतं, अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने मान्य केलेला असेल तर टीसी-८४ए ने सुरू होणारा नंबर असतो. काहीच छापलेलं नाही, नुसतं इंग्रजीत एन-९५ लिहिलंय आणि कानात अडकवायची दोन रबरं, तर शंका घ्या. पुढे प्लास्टिकचा व्हॉल्व्ह असेल तर तुमचा सोडलेला श्वास न गाळता बाहेर जातो, तुम्ही सुरक्षित पण समोरचा म्हातारा पेशंट नाही, तेव्हा वरून एक सर्जिकल घाला.

राहिलं ते लाज वाटण्याचं. लोक रेनकोट घालून काम करतायत हे मीही वाचलंय. पण त्यांच्याकडे नाही म्हणून तुम्ही मागू नये यातून त्यांना एक मास्क जास्त मिळणार आहे का? तुम्ही आजारी पडलात तर तो वॉर्ड कोण बघणार, तालुक्याला बदली सिस्टर मिळते का सध्या? चौदा दिवस क्वारंटाईन झालेली एक नर्स हॉस्पिटलला किती महागात पडते हे डॉक्टरसाहेबांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. आणि तुम्ही जास्त मागतच नाही आहात, हे लक्षात घ्या, तेवढेच मास्क वेगळ्या पद्धतीने द्या म्हणताय. एकटीने जाऊ नका. आधी इन्चार्ज सिस्टरशी बोला, त्यांना चुकीचं ठरवायच्या सुरात नको, त्यांच्याच हातात तो पाच पिशव्यांचा तक्ता द्या, त्यांनीच तो डॉक्टरांपुढे ठेवू दे. स्टोअरमध्ये एकदम पाच प्रत्येकी द्यायला साठा नसेल तर निदान पहिल्या महिन्यात ज्यांची ड्युटी त्या वॉर्डात आहे त्यांना आधी द्या, ऑफिसमधल्यांना, रिसेप्शनला एन-९५ वाटत असतील तर ते बंद करून. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२० मध्येच धोक्याप्रमाणे कुणाला काय घालायचं ते लिहून दिलं होतं, सगळ्यांना एन-९५ असं त्यात कुठेच नव्हतं. मावशी आणि मामा विसरू नका मात्र. त्या वॉर्डात झाडलोट करणाऱ्या मावशी तुमच्याइतक्याच आत असतात आणि रजिस्टरमध्ये त्यांचं नाव बहुतेक नसतं.

पाच नाहीच मिळाले, तीनच मिळाले, तर? तीन पाळीने वापरा, दोन दिवस सुटी मिळते मास्कला, पूर्ण नाही पण कालचाच आज घालण्यापेक्षा खूप बरं, आणि मग घालतानाचे ग्लोव्हज आणि हात धुणं हे अजिबात चुकवू नका, आत व्हायरस असू शकतो असं धरूनच वागायचं. एकच असेल तर तोच सलग घाला, वर शिल्ड घाला, काहीही फवारू नका, आणि तो एकच मास्क घालून पेशंटला नेब्युलायझेशन देऊ नका, इनहेलर-स्पेसरने भागत असेल तर डॉक्टरांना तसं विचारा.

ड्रायव्हरभाऊंनी विचारलंय ते थोडक्यात : गाडीत काच खाली ठेवा, एसी बंद, पेशंटलाही मास्क, आणि पिशव्यांचं वरचंच. दाढी काढावी लागेल भाऊ, दाढीवर एन-९५ बसत नाही. आशाताईंनी घरोघर अंगणात उभं राहून चौकशी करताना तीन पदरी मास्क आणि हातभर नव्हे, चांगलं सहा फूट अंतर ठेवलं तर एन-९५ वाचवून ठेवता येतो, ज्या घरात आजारी माणूस आहे तिथे आत जावं लागलं तर तेव्हा घाला.

बाद झालेला मास्क हॉस्पिटलातच जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाका, पण त्याआधी कात्रीने मधून कापा आणि बंदही कापा. न कापलेले जुने मास्क धुऊन इस्त्री करून परत विकायला येतात, आणि त्यातलाच एखादा पुढच्या सोमवारी सही करून तुमच्या हातात पडायचा.